हॅस्केलमध्ये स्वतःचा ऑपरेटर: आता कंचेभागुबेव तुम्ही ठरवा

शाळेत आपण कंचेभागुबेव पाठ केलं तेव्हा तो क्रम आधीच ठरलेला होता, आपण फक्त पाळायचा. हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत स्वतःचं चिन्ह, म्हणजे ऑपरेटर, तयार केलं की त्याचा क्रमही तुम्हालाच ठरवावा लागतो. तुम्ही जो ठरवाल तो तुमचं मॉड्यूल, म्हणजे तुमच्या कोडची फाइल, वापरणाऱ्या प्रत्येकाला पाळावा लागतो, त्याला तो आवडो न आवडो. ऑपरेटर लिहिणं हे दोन ओळींचं काम आहे आणि त्या दोन ओळींत फारसं कोणी चुकत नाही. गडबड होते ती तिसऱ्या, म्हणजे हा क्रम सांगणाऱ्या ‘फिक्सिटी’च्या ओळीत, कारण नवखे लोक बहुधा ती लिहीतच नाहीत.

हॅस्केलमध्ये साधं फंक्शन लिहिता येतं, टाईप सिग्नेचर वाचता येते आणि जीएचसीआय (कोडची एकेक ओळ लिहून लगेच उत्तर पाहायची सोय) उघडता येतो, एवढी तयारी असली की पुरे. जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर मशीनवर नसेल तर जीएचसीअप हे साधन वापरून टाकून घ्या. एक सूचना: इथल्या कोडमधले शब्द आणि अंक वाचायला सोपे जावेत म्हणून उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. फाइलमध्ये टाईप करताना ते नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच लिहायचे. चिन्हं मात्र जशीच्या तशी घ्यायची.

चिन्ह निवडताना

उदाहरण बिलाचं घेऊ. रकमेवर टक्के चढवायचे तर `+%`, आणि टक्के सूट द्यायची तर `-%`. म्हणजे `१००० +% १८` याचं उत्तर ११८० यायला हवं.

ऑपरेटरच्या नावात ही चिन्हं चालतात: `! # $ % & * + . / < = > ? @ \ ^ | - ~ :`. यांतली हवी तेवढी एकापुढे एक जोडा. कंस, स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्हं, बॅकटिक आणि अंडरस्कोर चालत नाहीत. `=`, `|`, `->`, `<-`, `=>`, `::`, `..` अशी काही नावं भाषेने स्वतःसाठी राखून ठेवली आहेत, पण त्यांच्यात आणखी एखादं चिन्ह मिसळलं की ती मोकळी होतात. `|` घेता येत नाही, `|>` घेता येतं.

नुसतं `:` सुद्धा राखीव आहे, आणि कोलनने सुरू होणारं कुठलंही नाव डेटा कन्स्ट्रक्टरचं, म्हणजे टाईपची किंमत घडवणाऱ्याचं, मानलं जातं. साध्या फंक्शनला `:+` असं नाव देता येणार नाही. दोन आडव्या रेघांचंही असंच काहीतरी आहे. `--` म्हणजे कॉमेंट हे सगळ्यांना माहीत असतं, पण `-->` हा रीतसर ऑपरेटर आहे आणि `--|` सुद्धा. म्हणूनच हॅडॉकची (कॉमेंटांतून माहितीपत्रक बनवणाऱ्या साधनाची) कॉमेंट लिहिताना रेघा आणि उभी दांडी यांच्यात जागा सोडली नाही, तर कंपायलर भलत्याच ओळीवर अडून बसतो आणि चूक कुठे आहे ते लवकर सापडत नाही.

एकाच चिन्हाचा ऑपरेटर शक्यतो टाळा. चांगली चांगली चिन्हं आधीच कोणीतरी घेतलेली आहेत. शिवाय जीएचसी ९.० पासून `!`, `~`, `@`, `$` आणि `-` यांच्या आजूबाजूला जागा आहे की नाही यावर त्यांचा अर्थ बदलू शकतो. दोन किंवा तीन चिन्हांचं नाव घेतलं की ही कटकट बहुधा राहत नाही.

व्याख्या

```
(+%) :: डबल -> डबल -> डबल
र +% ट = र + र * ट / १००

(-%) :: डबल -> डबल -> डबल
र -% ट = र - र * ट / १००
```

सिग्नेचरमध्ये ऑपरेटर कंसात येतो, कारण तिथे तो दोन गोष्टींच्या मधे बसलेला नसून एकटा उभा आहे. व्याख्येत मात्र तो मधेच लिहिता येतो. `(+%) र ट = ...` असं लिहिलंत तरी अर्थ तोच. कंसातला ऑपरेटर म्हणजे इतर कुठल्याही फंक्शनसारखं एक फंक्शन, त्यामुळे `मॅप (+% १८) [१००, २५०]` हेही चालतं आणि उत्तर येतं ११८ आणि २९५.

(खऱ्या बिलात पैशांसाठी डबल, म्हणजे अंदाजे साठवलेल्या दशांश संख्या, वापरू नका. पूर्णांकात पैसे मोजा नाहीतर रॅशनल, म्हणजे अचूक अपूर्णांक, वापरा. इथे डबल घेतलं आहे ते केवळ उदाहरण सुटसुटीत राहावं म्हणून.)

तिसरी ओळ: फिक्सिटी

आता जीएचसीआयमध्ये `१००० + २०० +% १८` टाईप करा. १२०० वर १८ टक्के म्हणजे १४१६ यायला हवेत असं वाटतं. येतात १२३६.

फिक्सिटी लिहिली नाही तर हॅस्केल ऑपरेटरला सर्वांत वरची पातळी, म्हणजे ९, देतो आणि साखळी डावीकडून सोडवतो. त्यामुळे आधी `२०० +% १८` चे २३६ झाले आणि मग त्यात हजार मिळाले. टाईप सगळीकडे डबलच असल्यामुळे कंपायलरने हूं की चूं केलं नाही. हॅस्केलमध्ये टाईप जुळले की कोड बरोबर, असा एक लाडका समज आहे. फिक्सिटीपाशी तो हमखास फसतो.

म्हणून ही ओळ हवीच:

```
इन्फिक्सएल ६ +%, -%
```

यात दोन निर्णय आहेत. आकडा पातळी सांगतो, ० ते ९. जितका मोठा आकडा, तितकी पकड घट्ट. त्याआधीचा शब्द साखळी कुठून सोडवायची ते सांगतो: इन्फिक्सएल म्हणजे डावीकडून, इन्फिक्सआर म्हणजे उजवीकडून, आणि नुसतं इन्फिक्स म्हणजे साखळी करायचीच नाही, कंस घाला. फंक्शनला आर्ग्युमेंट देणं या सगळ्यांच्या वर असतं, त्यामुळे `स्क्वेअररूट १०० +% १८` मध्ये आधी वर्गमूळ निघतं.

पातळी निवडण्याआधी शेजारी कोण कोण राहतं ते पाहून घ्या:

```
९  उजवीकडून     .
८  उजवीकडून     ^  ^^  
७  डावीकडून     *  /  `डिव्ह`  `मॉड`
६  डावीकडून     +  -
५  उजवीकडून     :  ++
४  साखळी नाही   ==  /=  <  <=  >  >=
३  उजवीकडून     &&
२  उजवीकडून     ||
१  डावीकडून     >>  >>=
०  उजवीकडून     $
```

कंचेभागुबेव डोक्यात पक्कं बसलेल्या माणसाने इथे एक गोष्ट पाहावी. भागाकार आणि गुणाकार एकाच पातळीवर आहेत, बेरीज आणि वजाबाकीही एकाच पातळीवर. `१० - ३ + २` मध्ये ‘बे’ आधी म्हणून बेरीज उरकली तर ५ येतात, पण खरं उत्तर ९. एकाच पातळीवर दोन चिन्हं आली की क्रम फक्त दिशा ठरवते. दिशेचा निर्णय पातळीइतकाच महत्त्वाचा आहे तो त्यामुळेच.

आपल्याच उदाहरणात दिशा उलटी करून पाहा. हजाराच्या वस्तूवर १० टक्के सूट आणि मग १८ टक्के जीएसटी: `१००० -% १० +% १८`. इन्फिक्सएल असेल तर ९०० होतात आणि त्यावर कर धरून १०६२. इन्फिक्सआर लिहिलंत तर आधी `१० +% १८` सुटतं, त्याचे ११.८ होतात, आणि हजारावर ११.८ टक्के सूट मिळून ८८२ रुपये येतात. गिऱ्हाईक खूश होईल, पण दुकानदार तुम्हाला शोधत येईल.

पातळी ६ का घेतली? चिन्हाची सुरुवात `+` ने होते, आणि वाचणारा ते `+` सारखंच वाचणार. यावर वाद घालता येतो. कर फक्त शेवटच्या वस्तूला लावायचा असेल तर ७ बरोबर ठरेल, कारण मग `१००० + २०० +% १८` चं उत्तर १२३६ हेच हवं आहे. मी स्वतः अशा वेळी हिशेबाच्या सोयीपेक्षा दिसण्याला जास्त महत्त्व देतो. जे चिन्ह बेरजेसारखं दिसतं त्याने बेरजेसारखंच वागावं.

आणि काहीच ठरत नसेल तर? नुसतं इन्फिक्स लिहा. मग `१००० -% १० +% १८` लिहिणाऱ्याला कंपायलर थेट अडवेल: इन्फिक्स ६ आणि इन्फिक्स ६ एकाच राशीत मिसळता येत नाहीत, कंस घाला. यात मोठा फायदा आहे. पुढे तुम्ही तेच इन्फिक्सएल केलंत तरी आधी चालणारा एकही कोड मोडत नाही, कारण जे तेव्हा नाकारलं जात होतं तेच आता चालू लागतं. उलट इन्फिक्सएलवरून इन्फिक्सआरवर गेलात, तर लोकांच्या हिशेबातले आकडे गुपचूप बदलतील.

ऋण संख्येपाशी सगळेच एकदा तरी ठेचकाळतात. `१००० +%-५` लिहिलं तर लेक्सर (कोडचे शब्द आणि चिन्हं सुटी करणारा कंपायलरचा भाग) शक्य तितकी चिन्हं एकत्र ओढतो आणि `+%-` नावाचा ऑपरेटर शोधू लागतो, जो अस्तित्वातच नाही. मधे जागा सोडून `१००० +% -५` केलं तरी सुटका नाही, कारण संख्येआधीच्या वजा चिन्हाची पातळीही ६ आहे आणि ते आपल्या ऑपरेटरबरोबर मिसळत नाही. `१००० +% (-५)` हाच मार्ग.

फिक्सिटी फक्त चिन्हांना असते असं नाही. बॅकटिकमध्ये वापरायच्या फंक्शनलाही ती देता येते, नाव बॅकटिकमध्ये लिहून. आणि कुठल्याही ऑपरेटरची फिक्सिटी आठवत नसेल तर जीएचसीआयला विचारा: `:इन्फो (+%)`. डोक्यातल्या तक्त्यावर भरवसा ठेवण्यापेक्षा हे बरं.

एक्सपोर्ट

```
मॉड्यूल परसेंट
  ( (+%), (-%)
  , ॲडपरसेंट, लेसपरसेंट
  ) व्हेअर
```

मॉड्यूलमधलं काय काय बाहेर वापरता येईल त्याची ही यादी. बाहेरचे कंस यादीचे, आतले ऑपरेटरचे. नवखे लोक आतले विसरतात आणि मग पार्स एरर येते. यादी अजिबात लिहिली नाही तर मॉड्यूलमधलं सगळंच बाहेर जातं. ते करू नका. ऑपरेटरच्या बाबतीत तर नकोच, कारण घरगुती वापरासाठी केलेलं एखादं चिन्ह दुसऱ्याच्या फाइलमध्ये जाऊन भांडण उकरतं.

फिक्सिटी यादीत लिहायची नसते, तशी सोयच नाही. ती ऑपरेटरला चिकटलेली असते आणि तो जाईल तिथे आपोआप जाते. त्यामुळे फिक्सिटीची ओळ ऑपरेटरची व्याख्या जिथे आहे त्याच मॉड्यूलमध्ये हवी. दुसऱ्याकडून इम्पोर्ट केलेल्या ऑपरेटरला आपल्या फाइलमध्ये नवी फिक्सिटी द्यायला गेलात तर कंपायलर म्हणतो, या फिक्सिटीसोबत व्याख्या कुठे आहे? वापरणाऱ्याला ती बदलता येत नाही. सुरुवातीला म्हटलं होतं ते याच अर्थाने.

यादीतल्या त्या दोन नावांबद्दल. प्रत्येक ऑपरेटरसोबत त्याच कामाचं नावाचं फंक्शन द्या:

```
ॲडपरसेंट :: डबल -> डबल -> डबल
ॲडपरसेंट = (+%)
```

फोनवर कोड समजावताना ‘प्लस पर्सेंट’ म्हणून पाहा, म्हणजे याची गरज कळेल. लेन्स ही लायब्ररी चिन्हांच्या गर्दीसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथेही `^.` ला ‘व्ह्यू’, `%~` ला ‘ओव्हर’ आणि `.~` ला ‘सेट’ हे नावाचे जोडीदार आहेत. ज्याला चिन्हं नको वाटतात तो त्यांच्यावर काम भागवू शकतो.

एक्सपोर्ट तपासताना जीएचसीआयमध्ये फाइल लोड करून समाधान मानू नका. सोर्स फाइल अशी लोड केली की तिथे मॉड्यूलमधली सगळी नावं दिसतात, यादीत नसलेलीही. खरी परीक्षा म्हणजे दुसरी छोटी फाइल करून तिच्यात इम्पोर्ट करणं. मॉड्यूल कबाल (हॅस्केलची पॅकेजं बांधणारं साधन) पॅकेजमध्ये असेल तर त्याचं नाव ‘एक्सपोज्ड-मॉड्यूल्स’ खाली आहे ना तेही पाहा. ते ‘अदर-मॉड्यूल्स’ मध्ये पडलं असेल तर एक्सपोर्टची यादी कितीही नीट असली तरी पॅकेजबाहेर कोणाला काहीच मिळणार नाही.

कन्स्ट्रक्टर आणि क्लास

कोलनने सुरू होणारा कन्स्ट्रक्टर साधारणपणे एकटा बाहेर जात नाही, आपल्या टाईपच्या कंसात बसून जातो:

```
मॉड्यूल एक्स्प्र ( एक्स्प्र((:+:), (:*:)) ) व्हेअर

इन्फिक्सएल ६ :+:
इन्फिक्सएल ७ :*:

डेटा एक्स्प्र = लिट डबल
             | एक्स्प्र :+: एक्स्प्र
             | एक्स्प्र :*: एक्स्प्र
  डिरायव्हिंग शो
```

सगळे कन्स्ट्रक्टर द्यायचे असतील तर `एक्स्प्र(..)` पुरेसं आहे. प्रमाण लायब्ररीतलं याचं रोजचं उदाहरण म्हणजे रिकामी नसलेली यादी: तिथे `नॉनएम्प्टी((:|))` असं इम्पोर्ट करावं लागतं. इथली फिक्सिटी पॅटर्न मॅचिंगमध्येही लागू होते. शिवाय ‘डिरायव्हिंग शो’ ने छापलेल्या मजकुरात कंस कुठे यावेत ते पातळी पाहून ठरतं, दिशा पाहून नाही. त्यामुळे अधूनमधून गरज नसलेले कंस छापलेले दिसतील, घाबरू नका.

टाईप क्लासमधला ऑपरेटरही असाच क्लासच्या नावाखाली देता येतो. त्याची फिक्सिटी क्लासच्या आत लिहिली काय नि बाहेर लिहिली काय, सारखंच.

वापरणाऱ्याच्या बाजूने

```
इम्पोर्ट परसेंट ((+%))
```

ऑपरेटर नेहमी असे नाव घेऊन इम्पोर्ट करावेत असं माझं मत आहे. एक तर वाचणाऱ्याला चिन्ह कुठून आलं ते कळतं. दुसरं, लायब्ररीने पुढच्या आवृत्तीत नवा ऑपरेटर घातला तरी तुमच्याकडच्या त्याच नावाच्या ऑपरेटरशी त्याची टक्कर होत नाही.

टक्कर होते तेव्हा ती बहुधा `|>` सारख्या लोकप्रिय चिन्हावर होते. एफ-शार्प, एलिक्सिर किंवा एल्म या भाषांकडून आलेला माणूस पहिल्याच दिवशी `र |> फ = फ र` लिहितो. तो ऑपरेटर हॅस्केलमध्ये `&` या नावाने ‘डेटा.फंक्शन’ मध्ये आधीपासून आहे, पातळी १, डावीकडून. आणि `|>` हे नाव ‘डेटा.सीक्वेन्स’ ने क्रमाच्या शेवटी घटक जोडण्यासाठी घेतलं आहे, पातळी ५. तुमचा आणि हा, दोन्ही इम्पोर्ट करून वापरले की ‘अँबिग्युअस ऑकरन्स’ ची (नेमका कोणता ते कळत नाही अशी) तक्रार आलीच.

यावर उपाय तीन. एकाला वगळा: `इम्पोर्ट डेटा.सीक्वेन्स हायडिंग ((|>))`. किंवा क्वालिफाइड इम्पोर्ट करून मॉड्यूलला टोपणनाव (इथे ‘सीक्व’) द्या आणि चिन्हाच्या आधी ते लावा: `क्रम सीक्व.|> ५`. दिसायला ओबडधोबड आहे, पण चालतं, आणि फिक्सिटीही तीच राहते. `मॅप.!` हे तुम्ही असंच कुठेतरी पाहिलं असेल. तिसरा उपाय म्हणजे आपल्या फाइलमध्ये नवं नाव देणं:

```
इन्फिक्सएल ५ |+>
(|+>) = (सीक्व.|>)
```

पहिली ओळ गाळू नका. नवं नाव म्हणजे नवा ऑपरेटर, त्याला जुन्याची फिक्सिटी वारशाने मिळत नाही, पातळी ९ मिळते.

टिंबाचा एक घोळ इथेच सांगून टाकतो. मोठ्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाला चिकटून टिंब आलं की हॅस्केलला ते मॉड्यूलचं नाव वाटतं. वारांचा टाईप करून `[मंडे..]` लिहिलंत, तर तो मंडे नावाच्या मॉड्यूलमधला `.` ऑपरेटर शोधत बसतो. `[मंडे ..]` अशी जागा सोडा.

लायब्ररी प्रकाशित झाल्यावर फिक्सिटी बदलावीशी वाटली, तर तो बदल फंक्शनचा टाईप बदलण्याइतकाच मोठा समजा. आवृत्तीचा मुख्य आकडा वाढवा आणि बदलांच्या नोंदीत ठळक लिहा. टाईप बदलला तर निदान वापरणाऱ्याचा कंपायलर ओरडतो. फिक्सिटी बदलली की १४१६ चे १२३६ होतात आणि सगळे टाईप जुळलेलेच असतात.

इतर भाषांत

सगळ्या फंक्शनल भाषा एवढी मोकळीक देत नाहीत. एल्मने २०१८ साली आलेल्या ०.१९ आवृत्तीत सामान्य वापरणाऱ्यांकडून स्वतःचे ऑपरेटर करण्याची सोय काढूनच घेतली. प्युअरस्क्रिप्ट या हॅस्केलसारख्या भाषेत ऑपरेटर हे फक्त टोपणनाव असतं: आधी नावाचं फंक्शन लिहायचं, मग `इन्फिक्सएल ६ ॲडपरसेंट ॲज +%`. वर जी शिस्त स्वतःहून पाळा म्हटलं ती तिथे सक्तीची आहे, आणि मला ती हॅस्केलपेक्षा बरी वाटते.

ओकॅमल या भाषेत पातळी लिहावीच लागत नाही. ती नावाच्या सुरुवातीच्या चिन्हांवरून ठरते, म्हणजे `+%` आपोआप `+` च्या पातळीला बसतो आणि `*%` हा `*` च्या. एक्सपोर्टसाठी इंटरफेस फाइलमध्ये `व्हॅल ( +% ) : फ्लोट -> फ्लोट -> फ्लोट` अशी ओळ घालायची. फक्त ताऱ्याने सुरू होणारा ऑपरेटर असेल तर कंसानंतर जागा सोडायला विसरू नका: `( *% )`. जागा न सोडता `(*` लिहिलंत की ओकॅमलच्या लेखी तिथून कॉमेंट सुरू होते.